आगाऊ शब्द देण्यापूर्वी भाव विचारा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अमेरिकेतील व्यापारी विद्यालये, त्यांचे प्रवेश-अर्ज, आणि त्यातही 'अर्ली डिसिजन' नावाचा आगाऊ बांधील अर्ज! नांगर, माग आणि वाकस यांच्यावर ज्यांची घरे चालतात त्या आपणांस या गोष्टीशी काय कर्तव्य?

कर्तव्य आहे, आणि ते दिवसेंदिवस वाढत आहे. आपल्या घरची मुले-मुली इंजिनिअर झाली, हिशेबनीस झाली, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत चार-पाच वर्षे काम करू लागली. तेथे त्यांना दिसते की, काम आपण करतो आणि हुकूम दुसरा सोडतो. आणि हुकूम सोडणाऱ्याच्या नावापुढे पुष्कळदा एम.बी.ए. ही पदवी असते. मग त्यांच्याही मनात येते की ही पदवी आपण का घेऊ नये? हा विचार चांगला आहे. त्याला कोणी हसू नये व कोणी अडवू नये.

पुढे एके दिवशी घरी फोन येतो. "आबा, अर्ज भरतोय. तिथं आधीच शब्द द्यावा लागतो. निवड झाली की पंधरा दिवसांत पैसे भरायचे." आबा म्हणतात, "तुला कळतंय ना? मग कर." येथेच घोटाळा होतो. मुलाला विद्यालय कळते, पण त्याने कधी घर गहाण ठेवलेले नसते. बापाला गहाणाचे दुखणे कळते, पण त्याने अर्ज वाचलेला नसतो. दोन अर्धी शहाणपणे दोन गावी राहतात आणि कागदावर सही होऊन जाते. ती दोन्ही एका जागी बसावीत एवढ्याचसाठी आजचे हे बोलणे आहे.

विद्यालये आणि त्यांचे पंचांग

प्रथम ही विद्यालये कोणती ते पाहू. व्यापार शिकविण्याची शाळा विद्यापीठात काढण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. फिलाडेल्फियाचे व्हॉर्टन १८८१ साली निघाले. डार्टमथ कॉलेजातील टक हे १९०० साली केवळ पदवीधरांसाठी निघाले. हार्वर्डने १९०८ साली आपले व्यापारी विद्यालय उघडले आणि एम.बी.ए. ही पदवी तेथूनच सुरू झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपले व्यापारी विद्यालय १९१६ साली काढले.

कोलंबिया हे नाव आपल्या घरांना परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली याच विद्यापीठात शिकावयास गेले, १९१५ साली तेथे एम.ए. झाले आणि १९१६ साली, म्हणजे ज्या वर्षी तेथे व्यापारी विद्यालय निघाले त्याच वर्षी, लंडनला गेले. ते गेले तेही एका करारावर सही करून गेले होते. त्या कराराची गोष्ट मी पुढे सांगणार आहे. ती आजच्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे.

आता या विद्यालयांचे पंचांग समजून घ्या. बहुतेक मोठ्या विद्यालयांत वर्षातून दोन-तीन वेळा अर्ज घेतात. त्यांस फेऱ्या म्हणतात. पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिचा निकाल बहुधा डिसेंबरात. दुसरी फेरी जानेवारीच्या आरंभी, निकाल मार्चच्या सुमारास. तिसरी मार्च-एप्रिलात; पण तोवर पुष्कळ जागा व पुष्कळशी शिष्यवृत्तीची रक्कम वाटून झालेली असते. शाळा भरते ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे पहिल्या फेरीत अर्ज करणारा उमेदवार शाळा भरण्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी अर्ज करतो.

हार्वर्ड, स्टॅनफर्ड, व्हॉर्टन ही विद्यालये अर्जदाराकडून आधी शब्द घेत नाहीत. तुम्ही अर्ज करा, आम्ही निवडू, मग यावयाचे की नाही ते तुम्ही ठरवा, असा त्यांचा व्यवहार आहे. परंतु काही विद्यालयांनी याहून वेगळी वाट काढली. तिचे नाव अर्ली डिसिजन.

तिचा नमुना म्हणून कोलंबियाच्याच व्यापारी विद्यालयाकडे पाहू. तेथे अनेक वर्षे ही पद्धत होती. ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत बांधील अर्ज करावयाचा. अर्जातच लिहून द्यावयाचे की, माझी निवड झाली तर मी येथेच येईन, इतर ठिकाणचे सर्व अर्ज मागे घेईन व इतरांनी जागा दिली तरी ती नाकारीन. निवड झाली की दोन आठवड्यांच्या आत ६,००० डॉलर भरावयाचे, आणि ते परत मिळावयाचे नाहीत. २०२३ सालापासून कोलंबियाने ही जुनी पद्धत सोडून साध्या फेऱ्यांची पद्धत घेतली. परंतु एका शाळेने सोडली म्हणून ही चाल जगातून गेली असे नव्हे. ती इतरत्र वेगवेगळ्या नावांनी आढळते, आणि कोणते विद्यालय कोणत्या वर्षी ती आणील किंवा सोडील याचा नेम नसतो.

शाळेला शब्द कशाला हवा?

कोणी विचारील, एवढ्या थोर शाळेला आपल्या पोराच्या शब्दाची काय गरज? गरज आहे, आणि ती ऊस पिकविणाऱ्याला लगेच कळेल. साखर कारखाना गळिताच्या आधी उसाची नोंद घेतो. का? हंगामात गव्हाण रिकामी पडू नये म्हणून. तद्वत् विद्यालयाला वर्गाच्या जागा भरावयाच्या असतात. त्याने शंभर जणांना निवडले आणि त्यातले चाळीस हार्वर्डला किंवा स्टॅनफर्डला निघून गेले, तर पुन्हा शोधाशोध आली. शिवाय, ज्याला बोलावले तो येत नाही असा बोभाटा होणे कोणत्याही नामांकित घराला आवडत नाही. म्हणून जो आधीच "मी तुमचाच" असे लिहून देतो तो शाळेला गोड वाटतो. यात शाळेचे काही पाप नाही. ती आपली सोय पाहते. प्रश्न एवढाच आहे की, आपण आपली सोय पाहतो की नाही.

आता लिहून देणाऱ्याला काय मिळते तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट, त्याला डिसेंबराच्या आतबाहेर निकाल कळतो. नोकरी केव्हा सोडावी, घर केव्हा सोडावे, बहिणीचे लग्न आधी की नंतर, हे ठरविता येते. दुसरी गोष्ट, निवडीची शक्यता थोडी वाढते. अमेरिकेतील पदवीपूर्व कॉलेजांविषयी क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउसर या तिघा अभ्यासकांनी २००३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आगाऊ अर्ज करणे म्हणजे प्रवेशपरीक्षेत सुमारे १०० गुण जास्त पडल्यासारखे आहे, असे त्यांना दिसून आले. हा शोध बारावीनंतरच्या कॉलेजांचा आहे, एम.बी.ए.ला तोच आकडा जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. तरी दिशा तीच आहे. जो येणार हे नक्की आहे त्याला दार थोडे जास्त उघडते. तिसरी गोष्ट, ज्याचे मन एकाच शाळेवर जडले आहे त्याचा दहा अर्जांचा खर्च व शीण वाचतो. मोठ्या विद्यालयांत एका अर्जाची फी सुमारे अडीचशे डॉलरपर्यंत असते, हे ध्यानात घ्या.

हे फायदे खरे आहेत. जो सावकाराच्या घरी जन्मला, ज्याच्या बापाची पेढी आहे, ज्याला फी किती हे विचारण्याचीही गरज नाही, त्याने खुशाल शब्द द्यावा. त्याला त्यात गमावण्यासारखे काही नाही. आपले तसे आहे काय?

भाव ठरण्याआधी विसार

बैलबाजाराची रीत आपणांस ठाऊक आहे. बैल फिरवून पाहतो, दात पाहतो, चार ठिकाणी भाव विचारतो. भाव ठरला म्हणजे मग विसार देतो. विसार दिला की शब्द बांधला गेला. भाव ठरण्याच्या आधी विसार देणारा शेतकरी आजवर कोणी पाहिला आहे काय? दिलाच कोणी, तर त्याला बाजारात वेड्यात काढतील. पण शिकलेसवरलेले पोरगे हेच करते तेव्हा आपण त्याला हुशार म्हणतो!

अर्ली डिसिजनमध्ये नेमके हेच होते. आपण म्हणाल, फी तर छापलेली असते, मग भाव ठाऊक नाही कसा? बाबांनो, छापलेली फी म्हणजे आपला भाव नव्हे. आपला भाव म्हणजे छापलेली फी, वजा शाळेने दिलेली शिष्यवृत्ती, अधिक राहण्याखाण्याचा खर्च, अधिक कर्जाचे व्याज. यातील शिष्यवृत्तीचा आकडा निवडीनंतर कळतो. आणि आपण तर शब्द निवडीआधीच देऊन बसलेलो असतो.

आकडे मांडून पाहू. २०२४-२५ या वर्षी कोलंबियाच्या व्यापारी विद्यालयाची केवळ शिकवणीची फी वर्षाला ८५,००० डॉलरांच्या वर होती. हिशेबाला सोपे म्हणून डॉलरचे ८५ रुपये धरा. एका वर्षाचे ७२ लाख २५ हजार झाले. पदवी दोन वर्षांची. म्हणजे नुसती शिकवणीच जवळजवळ दीड कोट. न्यूयॉर्कचे घरभाडे, जेवण, दवाखान्याचा विमा, पुस्तके ही वेगळी. आणि त्या ६,००० डॉलर विसाराचे ५ लाख १० हजार रुपये होतात. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ही रक्कम कधी एका जागी पाहिली आहे काय?

आता समजा, एका सुताराची मुलगी आहे. कामात हुशार, परीक्षेत हुशार. तिने बांधील अर्ज न करता पहिल्या फेरीत चार ठिकाणी साधे अर्ज केले व दोन ठिकाणी निवड झाली. एका शाळेने शिष्यवृत्ती दिली नाही. दुसरीने ४०,००० डॉलर देऊ केले. ही रक्कम आपल्या हिशेबाने ३४ लाख रुपये होते. ती दुसऱ्या शाळेत गेली तर चौतीस लाखांचे कर्ज वाचले. पहिल्याच शाळेत तिचे मन असेल तर ती पहिलीला नम्रपणे लिहू शकते की, मला यावयाचे तुमच्याकडेच आहे, पण दुसरीकडून एवढी मदत मिळते आहे, आपण काही विचार कराल काय? पुष्कळ विद्यालये अशा पत्राचा विचार करतात. हे भीक मागणे नव्हे. तो बाजारातला सरळ व्यवहार आहे.

याच मुलीने पहिलीला बांधील शब्द दिला असता तर काय झाले असते? दुसरीचा अर्ज मागे घ्यावा लागला असता. चाळीस हजार डॉलरचे पत्र तिच्या हाती कधी आलेच नसते, म्हणून आपण काय गमावले हेही तिला कळले नसते. बांधील अर्जदाराला शिष्यवृत्ती मिळतच नाही, असे मी म्हणत नाही. मिळते. पण जो येणारच आहे त्याला जास्त देण्याचे शाळेला काय कारण उरते?

ही केवळ माझीच कुरकूर नाही. आगाऊ प्रवेशाच्या या अन्यायाची चर्चा अमेरिकेतच झाली आहे. २००६ सालच्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या पदवीपूर्व कॉलेजातील आगाऊ प्रवेश बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्यापाठोपाठ प्रिन्स्टननेही तसेच केले. ज्यांना आधीच सवलती आहेत त्यांनाच या चालीने आणखी सवलत मिळते, हे त्यामागचे कारण होते. इतर बहुतेक मोठी कॉलेजे त्यांच्या मागून गेली नाहीत, आणि २०११ साली दोघांनीही आगाऊ प्रवेश पुन्हा सुरू केला. पण तो परत आला तो बांधून न घेणाऱ्या रूपात. श्रीमंतातील श्रीमंत विद्यापीठालाही जो अन्याय कबूल करावा लागला, तो आपण डोळे मिटून का सोसावा?

आणखी एक भेद ध्यानात ठेवा. पदवीपूर्व कॉलेजांत मदत अपुरी पडली तर बांधील अर्जातून मोकळे होण्याची वाट बहुधा ठेवलेली असते. व्यापारी विद्यालयांत ती वाट असेलच असे धरून चालू नका. तेथे अर्जदार हा मिळवता, प्रौढ माणूस समजला जातो. तू सही केलीस, तू निभाव, असा हिशेब असतो.

तारण कोठून आणणार?

कोणी म्हणेल, बँका कर्ज देतात, मग काळजी कसली? परदेशच्या शिक्षणासाठी मोठे कर्ज मागावयास गेले म्हणजे बँक तारण मागते. घर, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव ही तिला चालतात. शेतजमीन मात्र बँका अशा कर्जाला बहुधा तारण धरीत नाहीत. दहा एकर बागायत असणाऱ्याचाही सातबारा तेथे पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. मग काय होते? शाळेची मुदत पंधरा दिवसांची, बँकेचा कागद दोन महिन्यांचा. घाईत माणूस जमीन विकतो किंवा खाजगी सावकाराच्या ओट्यावर जातो. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ती न वाचता अंगठा उठविलेली खते होती. त्यांच्या पणतवंडांनी इंग्रजी वाचता येत असूनही न वाचता सही करावी, हे शोभत नाही.

सरकारी शिष्यवृत्त्यांचेही पंचांग पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्र सरकार देते. इतर मागासवर्ग व भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगळी योजना आहे. मराठा-कुणबी मुलामुलींसाठी सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारचीही आहे. या योजना आधी प्रवेशाचे पत्र मागतात. त्यांच्या जाहिराती बहुधा वर्षाच्या पूर्वार्धात किंवा उन्हाळ्यात निघतात व यादी त्यानंतर लागते. बांधील अर्जाचा विसार मात्र डिसेंबर-जानेवारीतच भरावा लागतो. म्हणजे सरकारची मदत मिळणार की नाही हे कळण्याच्या कितीतरी महिने आधी आपले पाच लाख गुंतलेले असतात. शिष्यवृत्ती मिळालीच नाही तर मुलापुढे दोनच वाटा: पाच लाख बुडवा, नाही तर दीड कोट कर्ज काढा.

कर्ज फेडण्याचे गणितही अमेरिकेतील नोकरीवर बसविलेले असते, आणि तेथील नियम आपल्या हातात नाहीत. २०२५ सालच्या सप्टेंबरात एका फर्मानाने तेथे एच-वन-बी या नोकरीच्या परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम बसविण्यात आली. तेथेच शिकून नोकरीला लागणाऱ्यांना त्यातून वगळल्याचा खुलासा पुढे महिन्याभराने झाला. त्या महिन्यात किती घरांची झोप उडाली असेल! दोन वर्षांनी काय नियम असतील हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून कर्ज जितके थोडे तितके बरे, आणि थोड्या कर्जाची वाट मोकळी ठेवणे म्हणजेच बांधून न घेणे.

बडोद्याचा करार

आता ती करारांची गोष्ट. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबियास जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्या बदल्यात त्यांनी लिहून दिले की, शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन. दहा वर्षे म्हणजे थोडा बंध नव्हे. पण त्या कराराचा क्रम पाहा. संस्थानने रक्कम आधी सांगितली, किती वर्षे देणार ते सांगितले, आणि मग शब्द घेतला. देणाराच बांधून घेत होता. घेणाऱ्याला आपण काय देतो व काय घेतो हे सहीच्या वेळी स्पष्ट ठाऊक होते. पुढे १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहावयास घर मिळेना, कचेरीत अपमान झाला, आणि नोकरी सोडून परत यावे लागले. म्हणजे दोष कराराचा नव्हता, समाजाचा होता.

आता अर्ली डिसिजनचा करार त्याच्याशेजारी ठेवा. येथे देणारे आपण, आणि बांधले जाणारेही आपणच. रक्कम ठरलेली नाही, मदत ठरलेली नाही, शब्द मात्र पक्का. बडोद्याच्या करारात आधी आकडा व मग शब्द होता. येथे आधी शब्द व मग आकडा आहे. एवढा एक भेद ज्याला समजला त्याला आजचे सारे व्याख्यान समजले.

नावाला भुलू नका

या बाजारात नावेही फसवी आहेत. 'अर्ली डिसिजन' म्हणजे बांधील, आणि 'अर्ली ॲक्शन' म्हणजे लवकरचा पण मोकळा, असा सर्वसाधारण अर्थ. टक विद्यालयात अर्ली ॲक्शनचा अर्थ खरोखरच मोकळा अर्ज असा होता. पण ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा विद्यालयाने अर्ली ॲक्शन याच मऊ नावाखाली अनेक वर्षे बांधील अर्ज घेतला. नाव एक, व्यवहार दोन! म्हणून नाव वाचू नका, खालची बारीक ओळ वाचा. 'निवड झाल्यास इतर अर्ज मागे घेईन' अशा अर्थाचे वाक्य कोठे आहे काय, ते शोधा. असेल तर तो बांधील अर्ज, मग त्याला नाव काही असो.

तिसरा एक प्रकार आहे, त्याचा यांच्याशी गोंधळ करू नये. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करून जागा मिळवावयाची, दोन-चार वर्षे नोकरी करावयाची आणि मग शिकावयास जावयाचे. हार्वर्डच्या या योजनेला 'टू प्लस टू' म्हणतात. आपल्या गरीब पण हुशार मुलांनी हिच्याकडे जरूर पाहावे.

शहरांत अर्ज लिहिण्यात मदत करणारे सल्लागार दुकाने मांडून बसले आहेत. त्यांच्यात जाणतेही आहेत. पण त्यांची जाहिरात कशावर चालते? 'आमचा इतका विद्यार्थी अमुक शाळेत लागला' यावर. तो किती कर्ज घेऊन लागला, हे जाहिरातीत येत नाही. म्हणून त्यांचा सल्ला ऐका, पण त्यांच्या सल्ल्याने सही करू नका.

मग करावे काय?

माझे सांगणे असे की, लवकर अर्ज करा, पण बांधून घेऊ नका. लवकर असणे आणि बांधील असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या फेरीतला साधा अर्ज लवकर असतो, त्या वेळी जागा व शिष्यवृत्तीचा पैसा भरपूर असतो, आणि गळ्यात दोरी पडत नाही.

त्यासाठी तयारी आधीच्या वर्षी लागते. जीमॅट किंवा जीआरई या परीक्षेचे गुण पाच वर्षे चालतात. तेव्हा ती परीक्षा नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच देऊन ठेवावी. शिफारसपत्र देणाऱ्या वरिष्ठाला जुलैतच सांगावे, सप्टेंबरच्या आदल्या रात्री नव्हे. गरज पाहून अर्जाची फी माफ करणारी विद्यालये आहेत. लाज न धरता विचारावे. हार्वर्ड व स्टॅनफर्ड यांची व्यापारी विद्यालये शिष्यवृत्ती मुख्यतः गरज पाहून देतात. हार्वर्डने तर २०२२ साली जाहीर केले की, सर्वांत गरजू अशा सुमारे १० टक्के विद्यार्थ्यांची पूर्ण शिकवणी माफ होईल. शेतकऱ्याचे व कारागिराचे घर याच सदरात बसते. आपली गरिबी लपवून अर्ज करण्याची सवय सोडा. जेथे ती कामाची आहे तेथे ती कागदावर स्पष्ट मांडा.

तरीही एखाद्याला एकाच शाळेचा ध्यास असेल आणि बांधील अर्जच करावयाचा असेल, तर त्याने आधी शाळेला पत्र लिहून तीन प्रश्न विचारावेत. बांधील अर्जदाराला शिष्यवृत्तीचा आकडा विसार भरण्याआधी कळतो काय? कर्ज किंवा व्हिसा नाकारला गेला तर विसार परत मिळतो काय? मदत अपुरी पडली तर शब्दातून मोकळे करता काय? उत्तर लेखी घ्यावे. आणि घरी चौघांनी बसून असे समजावे की, एक छदामही शिष्यवृत्ती मिळाली नाही. तरीही घर न विकता आपण निभावू काय? 'होय' असे उत्तर आले तर सही करावी. 'बघू' असे आले तर करू नये. आपल्या घरांत 'बघू' या शब्दाने जितक्या जमिनी गेल्या तितक्या दुष्काळानेही गेल्या नसतील.

आणि एकदा सही केली म्हणजे शब्द पाळा. तो मोडला तर शाळा बहुधा कोर्टात जाणार नाही. विसार जाईल एवढेच, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. ज्या वरिष्ठाने शिफारस लिहिली त्याचे तोंड खाली जाते, आणि त्याच कंपनीतून, त्याच कॉलेजातून पुढच्या वर्षी जाणाऱ्या आपल्याच भावंडाकडे शाळा संशयाने पाहते. शब्द मोडण्यापेक्षा तो न देणे केव्हाही चांगले.

शेवटी आयाबहिणींना एक विनंती. मुलाच्या अर्जासाठी घर गहाण ठेवावयास आपण तयार होतो, आणि मुलीचा अर्ज आला की 'एवढे कशाला?' म्हणतो. मुलीने मोकळा अर्ज करून चौतीस लाख वाचवून आणले तर तीच घरातली खरी हिशेबनीस समजा. कागद दोघांचाही वाचा, प्रश्न दोघांसाठीही विचारा.

आपल्या वाडवडिलांना अक्षर येत नव्हते म्हणून ते फसले. आपल्या मुलांना अक्षर येते. आता घाई त्यांना फसविते. विद्या दूरदेशीची असो की गावची, ती घ्यावीच. पण तिचा भाव विचारून घ्यावी, आणि भाव विचारताना मान खाली घालू नये.